उत्तर कधी सांगायचं?

*ताई, सादर नमस्कार.*

*मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणात 'मुलांना प्रश्न विचारू द्या, त्यांना शोधू द्या' हे ऐकलं आणि मनापासून पटलं. पहिल्या वर्षी मला वाटलं, प्रयोग वाढवले की झालं. प्रयोग झाले, पण मुलं मी सांगेन तसं करत गेली आणि शेवटी 'सर, उत्तर काय लिहायचं?' हेच विचारत राहिली. म्हणून यंदा ठरवलं, आपण उत्तर सांगायचंच नाही.*

*ऑगस्टमध्ये सातवीच्या एका मुलीने वावरातून उपटलेलं सोयाबीनचं झाड आणलं. मुळांवर बारीक गाठी होत्या. 'सर, हे काहून आलं? रोग हाय का?' मला उत्तर ठाऊक होतं, तरी सांगितलं नाही. तीन दिवस चर्चा केली. शेवटी हात वर करून मत घेतलं, तर बहुतेकांनी 'किडीची अंडी' असं ठरवलं. मी म्हटलं, छान विचार केलात. चौथ्या दिवशी एका मुलाचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे. 'सर, पोट्टं म्हन्ते मुळाले कीड लागली. कोन्तं औषध मारू?' त्यांना लगेच खरं सांगितलं, पण तेव्हापासून मन धजत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पोरं बोलायला लागली हे खरं, पण चाचणीत मागे पडली. गावात बोलणं आहे की सर शिकवत नाहीत, पोट्ट्यांना वावरात हिंडवतात. उत्तर सांगावं तर शोध संपतो, न सांगावं तर असं होतं. मी काय करू? मुलांच्या प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे.*

*— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा*

सर, नमस्कार.

त्या वडिलांपासून सुरुवात करते. पत्रात तुम्ही तो प्रसंग फजिती म्हणून लिहिला आहे, मला त्यात वेगळं दिसतं. पोरगा शाळेतून काहीतरी ऐकून आला, बापाने ते मनावर घेतलं आणि कृषी केंद्रात जाऊन डबा उचलण्याआधी तो तुम्हाला विचारायला आला. शाळेवर एवढा भरवसा असलेलं गाव तुम्हाला मिळालं आहे. तुम्ही तिथल्या तिथे खरं सांगितलंत, तेच योग्य केलंत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुमच्या भागाला कोणी वेगळं सांगायला नको. औषध मारू का, असं कोणी विचारत असताना शिक्षकाने 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणायचं नसतं.

वर्गातल्या मुलांना मात्र नंतर खरं सांगितलंत की नाही, ते पत्रात आलेलं नाही. सांगितलं नसेल तर ते काम आधी. पण फळ्यावर 'ही रायझोबियम या उपयोगी जिवाणूंची गाठ' एवढं लिहून मोकळे होऊ नका. दोन तास काढा आणि तोच धडा पुन्हा घ्या. सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायच्या आत घ्या, कारण पीक पक्व झालं की गाठीही वाळून जातात.

तुमच्या त्या तीन दिवसांचं वर्णन मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलं बोलली, अंदाज केले, एकमेकांचं म्हणणं खोडलं, शेवटी मत दिलं. पण या तीन दिवसांत कोणीही दुसरं झाड उपटलं नाही. प्रश्न आला तेव्हा वर्गात एक झाड होतं, निर्णय झाला तेव्हाही तेच एक झाड होतं, आणि तोवर ते सुकलेलंही असणार. उत्तर राखून ठेवल्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्याच्या जागी मुलांना पाहायला, मोजायला, ताडून बघायला काहीच मिळालं नाही म्हणून. अशा वेळी मुलं ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतात, नाहीतर हात मोजतात. निसर्गातली गोष्ट हात मोजून ठरत नाही, हे सातवीच्या मुलाला नीट कळू शकतं. ते त्याला एकदा अनुभवायला मिळालं पाहिजे.

'किडीची अंडी' हा अंदाज मला वाईट वाटत नाही. पऱ्हाटीच्या बोंडातली गुलाबी अळी ज्या मुलांनी हातावर घेऊन पाहिली आहे, त्यांना गोल बारीक दाणे पाहून अंडी आठवावीत, यात त्यांची नजरच दिसते. तो अंदाज फळ्यावर लिहा. शेजारी त्या मुलीचा 'रोग' लिहा. कोणी 'मुळाले शेंगा लागल्या' म्हणेल, तेही लिहा. आणि मग एकच प्रश्न विचारा: अंडी असतील, तर आपल्याला आणखी काय काय दिसायला पाहिजे? थोडा वेळ दिलात तर मुलं सांगतील की फोडल्यावर आत अळी सापडायला पाहिजे, किडीने शेजारच्या झाडांनाही सोडलं नसेल, आणि गाठीवालं झाड मरगळलेलं असेल. ही तीन वाक्यं फळ्यावर आली की तुमचा धडा उभा राहिला. तिन्ही तपासता येतात, आणि सामान काय, तर कुदळ, बादली आणि एक ब्लेड.

मुलांच्या टोळ्या करा आणि प्रत्येकीला वेगळं झाड द्या: सोयाबीन, तूर, मूग किंवा उडीद, पऱ्हाटी, ज्वारी, धुऱ्यावरचं गवत. झाड ओढून उपटू देऊ नका, गाठी तुटून मातीतच राहतात आणि मुलं प्रामाणिकपणे 'गाठी नाहीत' असं लिहितात. कुदळीने ढेकळासकट काढायचं, बादलीत भिजत ठेवायचं, काळी माती हळूहळू सुटते. वावरात जाण्याआधी मालकाला विचारा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. नुकत्याच फवारलेल्या वावरात एकही मूल उतरता कामा नये, आणि परत आल्यावर सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घ्या. मग फळ्यावर तक्ता: झाडाचं नाव, गाठी आहेत की नाहीत, कुठे आहेत, झाड कसं दिसतं. सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांच्या मुळांवर गाठी मिळतील. पऱ्हाटी, ज्वारी, गवत यांच्यावर मिळणार नाहीत. 'किडीने शेजारच्या झाडांनाही सोडलं नसेल' हे वाक्य मुलं स्वतःच खोडतील. गाठीवालं सोयाबीन बहुधा चांगलं हिरवंगार असेल, त्यामुळे तिसऱ्या वाक्यालाही धक्का बसेल.

मग गाठ कापा. ब्लेड तुमच्या हातात ठेवा. आत अळी नसते. काम करणारी गाठ आतून गुलाबी-तांबूस दिसते, कच्ची किंवा निकामी झालेली पांढरट वा हिरवट. कोणीतरी 'रक्त हाय का?' म्हणेलच. त्या मुलावर कोणाला हसू देऊ नका. तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलंच आहे. एखाद्या टोळीला मूळच फुगलेलं दिसलं, तर तेही नीट बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखाने अलगद निघते. सूत्रकृमीमुळे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांमुळे आलेल्या गाठीत मूळच सुजलेलं असतं, ती खरवडून निघत नाही. म्हणजे त्या मुलीची 'रोग' ही शंकाही वाया जात नाही. निरोगी गाठ आणि रोगाची गाठ नखाने ओळखता येते, हे ज्ञान ती घरी घेऊन जाईल आणि ते तिच्या वडिलांच्याही उपयोगाचं असेल.

इथे मुलांच्या हातातली साधनं संपतात. त्या गाठीत जिवाणू राहतात, हवेत ७८ टक्के नत्र (नायट्रोजन) असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही, हे जिवाणू तो अमोनियाच्या रूपात आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात, हे कोणत्याही कुदळीने दिसणार नाही. हे सांगा. मोकळेपणाने, चित्र काढून, पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभं राहून सांगा. सोबत त्याचा इतिहासही सांगा. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींची चित्रं काढली होती, पण त्याला त्या झाडावर आलेल्या विकृत गाठी वाटल्या. त्या गाठींमुळे झाडाला हवेतला नत्र मिळतो, हे जर्मनीच्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ च्या सुमारास दाखवलं, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायजेरिंकने त्यातला जिवाणू वेगळा काढला. पाहणं आणि कळणं यांच्यामध्ये दोनशे वर्षं गेली. ते अंतर एका खोलीतल्या मुलांनी तीन दिवसांत, एका सुकलेल्या झाडावरून पार करावं, अशी अपेक्षा कोणीच करू नये.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. पुरावा जिथवर मुलांच्या हाताला लागतो, तिथवर तुम्ही तोंड आवरायचं आणि सामान पुरवायचं. तो जिथे त्यांच्या हाताबाहेर जातो, तिथे तुम्ही सांगायचं, आणि शक्यतो त्यांनी पाहून झाल्यावर सांगायचं. 'नत्र स्थिरीकरण' हा शब्द पहिल्या मिनिटाला फळ्यावर आला तर तो पाठ करायचा शब्द असतो. तक्ता भरून झाल्यावर आला, तर तूर-सोयाबीनवर गाठी का आणि पऱ्हाटीवर का नाहीत, या अडलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं. सांगितल्याने शोध संपतो, ही भीती मनातून काढा. बीज लावण्याआधी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियमचं पाकीट चोळतात, हे बऱ्याच घरांत माहीत असतं. तुमचं सांगून झाल्यावर एखादं मूल म्हणेलच, 'म्हणून बाबा ते काळं चोळते का?' नवा प्रश्न तुम्ही सांगितल्यामुळेच आला.

तुम्ही एकटेच या पेचात नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन शिक्षण-अभ्यासकांनी २००६ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. ज्याला विषय नवा आहे, त्याला फारशा मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्याची सगळी बौद्धिक ताकद चाचपडण्यात खर्च होते आणि शिकायला काही उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की चांगल्या शोधपद्धतीत मार्गदर्शन भरपूर असतं, मुलांना सोडून देणं म्हणजे शोधपद्धत नव्हेच. मला दोघांचंही पटतं, आणि तुमचे ते तीन दिवस पाहता दोघांनीही तुम्हाला एकच सांगितलं असतं.

बँकी आणि बेल या अभ्यासकांनी २००८ मध्ये मांडलेल्या शोधपद्धतीच्या चार पायऱ्या तर तुमच्याच दोन वर्षांची गोष्ट वाटतात. पहिलीवर प्रश्न, रीत आणि उत्तर सगळं आधीच माहीत असतं, मुलं फक्त पडताळून बघतात. दुसरीवर प्रश्न आणि रीत शिक्षक देतो, पण निष्कर्ष मुलांनी काढायचा. तिसरीवर शिक्षक फक्त प्रश्न देतो, कसं तपासायचं ते मुलं ठरवतात. चौथीवर प्रश्नही मुलांचाच. मागच्या वर्षी तुम्ही पहिलीवर होता, यंदा एकदम चौथीवर गेलात. मधल्या दोन राहून गेल्या, आणि सहावी-सातवीची बहुतेक खरी कामं तिथेच होतात. उरलेलं वर्ष दुसरीवर आणि तिसरीवर काढलंत तरी मी म्हणेन, उत्तम चाललं आहे.

आता तुमची यादी. ती वाचताना मला फार आनंद झाला, कारण प्रश्न मुलांच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत. ही सवय सोडू नका.

'काया मातीले उन्हाळ्यात भेगा काहून पडते?' हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर लगेच घेतला असता. एकसारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत वावरातली काळी माती, दुसरीत मुरूम बारीक करून, तिसरीत नाल्याची रेती. सारखं पाणी, सारखं कालवणं, एकाच उन्हात ठेवणं. दोन-तीन दिवसांनी काळी माती ताटलीच्या कडेपासून सुटून आत सरकलेली दिसेल. ते अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येतं. एखाद्या टोळीने ताटली व्हरांड्याच्या सावलीत ठेवली आणि आकडे जुळले नाहीत, तर त्यांना रागावू नका. 'तुमचा आकडा वेगळा काहून आला?' हा वाद होऊ द्या. सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना त्या वादातून जितकं कळतं, तितकं व्याख्येतून कळत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते, इथवर मुलं स्वतः पोचतील. तिचे कण अतिशय पातळ थरांचे असतात, पाणी त्या थरांमध्ये शिरतं, आणि ही माती लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून आली आहे, हे तुमच्या वाट्याचं.

'बोरच्या पान्यानं साबनाले फेस काहून येत नाही?' हाही तसाच पक्का. सारख्या बाटल्यांमध्ये विहिरीचं, बोरचं, नाल्याचं आणि साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. साबणाचं पाणी थेंबाथेंबाने टाकत, हलवत, टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजा. यात एक काळजी घ्या. ही चाचणी पाण्याचा जडपणा सांगते, ते पिण्यालायक आहे की नाही हे सांगत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि ते ना फेसावरून कळतं ना चवीवरून. मुलांनी 'फेस आला, पाणी चांगलं' असं घरी जाऊन सांगायला नको. कोणत्या चाचणीतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्यांच्या वहीत लिहूनच घ्या.

'मोहाचे फुलं पहाटीच काहून पडते?' याला मार्च-एप्रिलपर्यंत थांबावं लागेल, पण मोह वेचायला जाणाऱ्या आजीला बोलावून तिचं निरीक्षण आत्ताच उतरवून घेता येईल. 'लोनारचं पानी गुलाबी काहून झालतं?' हा प्रश्न वर्गात तपासण्याचा नाही, वाचून सांगण्याचा आहे. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं होतं. सगळे प्रश्न तपासायचे नसतात, काही वाचायचे असतात, काही माणसांना विचारायचे असतात. ही वाटणी मुलांनाच करू द्या, तीही एक शिकण्याचीच गोष्ट आहे.

यादीत एक प्रश्न मात्र असा आहे की बाकी सगळं बाजूला ठेवून तो पाहा. 'मानूस मेल्यावर कुठी जाते?' याला विज्ञानाचा प्रश्न करू नका आणि 'हा आपल्या विषयात नाही' म्हणून पुढेही जाऊ नका. तो कोणी लिहिला, ते शोधा. त्या मुलाशी वर्गात नको, एकट्याशी बोला. घरात काय घडलं आहे, कोण गेलं आहे, रात्री झोप येते का, ते विचारा. आपल्या भागात हा प्रश्न सहसा उगाच कोणी लिहीत नाही. तुम्ही 'काहीही विचारा' म्हणालात आणि एका मुलाने ते खरं मानलं, एवढ्यासाठी तरी तुमची ही वाट सोडू नका.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. चाचणीत गुण कमी आले, याचं कारण मला सोपं दिसतं: चर्चा झाली, पण शब्द दिले गेले नाहीत आणि सराव झाला नाही. ज्या मुलाने गाठ स्वतः कापली, त्यालाही 'सहजीवन म्हणजे काय' हा प्रश्न कळणार नाही, जर 'सहजीवन' हा शब्द त्याला कोणी दिलाच नसेल. संज्ञा, चिन्हं, एकके, आकृत्यांची नावं या माणसांनी ठरवलेल्या गोष्टी आहेत. त्या शोधून सापडत नाहीत, सरळ सांगायच्या, लिहून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा विचारायच्या. आणि प्रत्येक पाठ शोधाने शिकवायचा हट्टही नको. एका घटकात एक गोष्ट निवडा, जी तुमच्या गावात हाताने तपासता येते. बाकीचं नीट समजावून सांगा. चांगलं समजावून सांगणं ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही.

गावातल्या बोलण्यावर उपाय वहीत आहे. तपासणी झाली की प्रत्येक मुलाने लिहायचं: आमचा प्रश्न काय होता, आम्हाला आधी काय वाटलं, काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं, सरांनी नंतर काय सांगितलं. सुरुवातीला चार ओळी येतील. दिवाळीनंतर पान भरेल. ज्या आईबापांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी दारावरून जाताना दिसते, त्यांची काळजी खोटी नाही, त्यांना पोरगं मागे पडतं आहे का एवढंच बघायचं असतं. भरलेली वही त्यांना वाचता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तुम्ही बोलण्याऐवजी दोन टोळ्यांना उभं करा. ताटल्या आणि तक्ते घेऊन मुलांनी सांगू द्या, पालकांनी प्रश्न विचारू द्या. कोणी नियम काढलाच, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण सभेत कायदा वाचून दाखवायची वेळ येऊ नये, असं मला वाटतं. हाताने काम करत शिकण्याची गोष्ट या मातीला परकीही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या नई तालीमचा विचार देशापुढे मांडला गेला तो वर्ध्याच्याच परिषदेत.

मुलं बोलायला लागली, असं मुख्याध्यापकही म्हणतात. तरी जी अजून गप्प असतील, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, नेहमी मागे राहणारी मुलं बोलायला लागतात, मुलं स्वतः जास्त प्रश्न विचारतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, मनात आकडे मोजावे लागतात. तुमच्याकडे घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणारी मुलं असतील, तर त्यांना आणखी वेळ द्या. ती आधी मनात भाषांतर करतात आणि मग बोलतात. पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत आलं तर येऊ द्या, शेजारचं मूल सांगेल.

शेवटची गोष्ट तुमच्या एकटेपणाची. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत, सहावी ते आठवीला, असंच विज्ञान सुरू झालं. मुलं चौघाचौघांच्या टोळ्यांत प्रयोग करत, पुस्तकात तयार उत्तरं नसत, परीक्षेला पुस्तक उघडून बसता येई. पुढे 'एकलव्य' संस्थेने ते काम वाढवलं आणि २००२ मध्ये सरकारने बंद करेपर्यंत ते सुमारे हजार शाळांत पोचलं होतं. मुलं मनातले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तर येई, म्हणजे सांगणं तिथेही होतं. ते काम तीस वर्षं टिकलं याचं श्रेय मी तिथल्या शिक्षकांच्या मासिक बैठकांना देते. वर्गात काय अडलं, मुलांनी काय विचारलं, कोणता प्रयोग फसला, हे ते एकमेकांसमोर मांडत आणि कोणी कोणाला कमी लेखत नसे.

तुमच्याकडे दर महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद आहे. ती बहुतेक वेळा सूचना आणि माहिती भरण्यात जाते, हे मला ठाऊक आहे. तरी केंद्रप्रमुखांकडे अर्धा तास मागा. 'यशस्वी उपक्रम' म्हणून नको, सोयाबीनच्या गाठींचे ते तीन दिवस जसे झाले तसे सांगा, मग नंतरचे दोन तास सांगा, आणि शेजारच्या शाळेतल्या दोघांना हीच तपासणी त्यांच्या गावात करायला सांगा. रब्बीत हरभरा आहेच, त्याच्याही मुळांवर गाठी येतात. जाताना मोबाईलमधले फोटो नेऊ नका, मुलांच्या चार वह्या न्या, आणि त्यातली एक तरी अशी असू द्या जिच्यात आधीचा अंदाज खोडून खाली नवं लिहिलेलं आहे.

— तुमची ताई